लढाईतलं क्रौर्य : 'त्यांचं' मोजताना आपलं कोणत्या खात्यात?

वर्धाकाठ
गावच्या ग्रुपवर हा विषय महिन्या-दोन महिन्यांनी निघतोच. कोणीतरी कुठल्यातरी देशातला गळे कापायचा व्हिडिओ टाकतो, खाली 'हे लोक असेच' असं लिहितो. मग दुसरा हिरोशिमा काढतो, तिसरा क्रुसेड, चौथा औरंगजेब, आणि शेवटी अ‍ॅडमिन ग्रुपला कुलूप लावतो. तिथं नीट बोलणं होत नाही म्हणून इथं धागा काढला.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे शिव्या द्यायला सोपं. फौज किती क्रूर वागेल हे तिच्या धर्मावरून सांगता येत नाही. तिला पगार कोण देतं, दाणागोटा कुठून येतो आणि वाकडं वागणाऱ्याला शिक्षा होते का, एवढं विचारा. त्यातून जास्त कळतं.

पुरावा शोधायला लांब जायची गरज नाही. वऱ्हाडातल्या गढ्या पाहा. आज लोक त्यांची पांढरी माती ट्रॉली भरून नेतात, कोणी शेतात टाकतं, कोणी भिंती सारवतं. पण एवढ्या जाड भिंती पाटलांनी काही हौसेनं घातल्या नव्हत्या. पेंढारी यायचे. त्यांना पगार नव्हता, पोट लुटीवर, आणि ज्या सरदाराच्या आडोशानं हिंडायचे त्यालाही त्यातला वाटा द्यायचा. ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार, कुठं खणलंय, दागिने कोणत्या चुलीखाली पुरलेत, हे कुणब्याकडून वदवून घ्यायचं म्हणजे घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरायची आणि तो त्याच्या तोंडाला बांधायचा. त्या टोळ्यांत हिंदू होते, मुसलमानही होते, आणि तोबरा बांधताना समोरच्याचा धर्म कोणी विचारत नव्हतं. पेव विचारत होते.

वर मुलूख दुअमली. निजामाचे आणि भोसल्यांचे असे दोघांचे वसूलदार एकाच गावात यायचे. त्यात १८०३ ची इंग्रज-मराठ्यांची लढाई, अडगाव आणि गाविलगड, आणि मागोमाग दुष्काळ. त्या काळात वऱ्हाडातला माणूस कोणाला 'आपली फौज' म्हणत असेल, मला खरंच प्रश्न पडतो.

पऱ्हाटीवाला
राजेहो, वर्धाकाठ भाऊचा पयलाच बार फुसका. पेंढारी म्हन्जे लुटारू, थ्याइले कोन फौज म्हन्ते? दरोडेखोराचं उदाहरन देऊन तुमी सैन्याची गोठ करून रायले. आपल्या मराठ्याइच्या फौजेनं असं कुठं केलं थे सांगा. नाही सापडत ना? मंग सोडा.

निवृत्त मास्तर, अचलपूर
सापडतं, आणि आपल्या नागपूरच्याच इतिहासात सापडतं. रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर गेले. पुढं १७५१ पर्यंत स्वाऱ्या होत राहिल्या. चौथाई हवी होती, आणि नवाब अलीवर्दीखान ती देत नव्हता. तिकडचे लोक आपल्या बारगिरांना 'बर्गी' म्हणू लागले. बंगाली आया आजही अंगाईत पोराला बर्गी आले म्हणून सांगतात. कलकत्त्याच्या इंग्रजांनी याच धास्तीनं १७४३ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच' पडलं.

काय केलं तिथं? गंगाराम नावाच्या कवीनं त्याच पिढीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात गावं जाळणं आहे, नाक-कान-हात कापणं आहे, बायकांवर जबरदस्ती आहे. रुपये दे, रुपये दे म्हणून पुन्हा पुन्हा दरडावायचं, आणि मिळाले नाहीत की कोणाच्या नाकात पाणी भरायचं, कोणाला तळ्यात बुडवायचं. आता वर्धाकाठांचा तोबरा आणि हे पाणी शेजारी ठेवून बघा. एक लुटारूंचा, दुसरं राजाच्या फौजेचं. दोन्हीकडे विचारणा एकच.

नाव राहू द्या
मास्तर, आदर आहे तुमच्याबद्दल. पण शत्रूच्या कवीवर विश्वास ठेवून आपल्याच लोकांना बदनाम करायचं? बंगाल्यांनी लिहिलं म्हणजे खरं झालं? लढाईत थोडंफार होतंच.

निवृत्त मास्तर, अचलपूर
गंगाराम शत्रूचा कवी असता तर प्रश्नच मिटला असता. त्याचं काव्य सुरू होतं ते असं : बंगालात पाप वाढलं, पृथ्वीला भार सोसेना, ती ब्रह्मदेवाकडे गेली, ब्रह्मदेव शंकराकडे गेला, आणि शंकरानं नंदीला शाहूराजाच्या अंगात पाठवलं. म्हणजे आपली फौज तो देवाचा दंड म्हणूनच आणतो. पुढं हीच फौज ब्राह्मण-वैष्णव मारायला लागली तेव्हा भवानीच भास्करावर उलटली, असं तो म्हणतो. बिचाऱ्याला आपली बाजू घ्यायची होती, आपण घेऊ दिली नाही.

आणि तो एकटा नाही. वर्धमानच्या राजाच्या पदरी बाणेश्वर विद्यालंकार नावाचे संस्कृत पंडित होते. ते शाहूच्या सैन्याबद्दल लिहितात, की हे गरोदर बायका आणि तान्ही लेकरं मारणारे, दयामाया नसलेले लोक आहेत. हिंदू राजाचा हिंदू पंडित हिंदू फौजेबद्दल असं लिहितो. त्याच १७४२ च्या नवरात्रात भास्करपंतांनी काटव्याला जमीनदारांकडून सक्तीची वर्गणी काढून थाटात दुर्गापूजा मांडली होती. पूजा उरकायच्या आत नवाब पहाटे चालून आला आणि सगळ्यांना पळता भुई थोडी झाली.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. १७४४ मध्ये मानकरा या गावी अलीवर्दीखानानं भास्करपंतांना तहाच्या बोलण्यासाठी बोलावलं आणि तंबूतच त्यांना आणि वीसेक सरदारांना कापून काढलं. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. ओरिसा नागपूरकरांकडे, वर्षाला बारा लाख चौथाई. सगळा हिशेब पैशाचा होता आणि पैशावरच मिटला. ज्यांचे हात गेले त्यांचा तहात उल्लेख नाही.

बाळापूरकर
मास्तरांनी आपल्या घरचं काढलं, मग मीही माझ्या घरचं काढतो. माझ्या मुसलमान नावामुळं ग्रुपवर प्रत्येक वेळी मलाच उत्तर मागतात, म्हणून हा पाठ तोंडपाठ झालाय.

दिल्लीचं दोनदा पानिपत केलं ते कोणी? १३९८ मध्ये तैमूर, १७३९ मध्ये नादिरशाह. दोन्ही वेळा दिल्लीच्या तख्तावर मुसलमानच होता, आणि शहरात कापले गेले त्यांत मुसलमानही होते. १२५८ चं बगदाद तर खलिफाचं शहर. ते बुडवणारा हुलागू मुसलमान नव्हता. त्याची आई ख्रिस्ती, पट्टराणी ख्रिस्ती, स्वतः बौद्ध मताकडं झुकलेला. १९७१ ला बांगलादेशात काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मारणारी पाकिस्तानी फौज मुसलमान, मरणाऱ्यांत हिंदूंबरोबर लाखो बंगाली मुसलमान.

पण एक गोष्ट लपवणार नाही. तैमूरनं आपल्या स्वारीवर धर्मयुद्धाचा शिक्का मारून घेतला होता, आणि दिल्लीच्या लढाईआधी त्यानं मारलेले कैदी बहुतेक हिंदू होते. बखरकार एक लाख म्हणतात. आकडा फुगवलेला असेल, कत्तल खोटी नाही. का मारले? लढाई तोंडावर आली असताना छावणीत एवढे कैदी मागं ठेवले तर ते उलटतील, ही भीती. कारण लष्करी, आणि कोणाला मारायचं ते मात्र धर्मानं ठरवलं. त्यामुळं 'धर्माचा काहीच संबंध नाही' हेही मला पटत नाही, वर्धाकाठ भाऊ.

ख्रिस्ती लोकांचं सांगायचं तर १०९९ ला क्रुसेडमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मयुद्धात, जेरुसलेम घेताना त्यांनी मुसलमान आणि ज्यू दोघांना कापलं. लोक तिथं थांबतात. पुढचं १२०४ वाचा. तसेच क्रुसेडवाले निघाले पवित्र भूमीकडं आणि लुटलं काय, तर कॉन्स्टँटिनोपल, ख्रिस्ती जगातलं सगळ्यांत श्रीमंत शहर. जहाजांचं भाडं थकलं होतं हो! व्हेनिसवाल्यांचं देणं होतं.

निळी पहाट
आता माझी पाळी. अशोकाचा तेरावा शिलालेख आम्हा बौद्धांकडे सगळ्यांना पाठ असतो. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख उचलून नेली, त्याहून कितीतरी पट मेली, आणि राजाला पश्चात्ताप झाला. जगात आपल्याच विजयाचा असा हिशेब दगडावर कोरणारा राजा विरळा. अ‍ॅसिरियाचा दुसरा अशुरनासिरपाल साडेआठ-नऊ शतकं इसवी सनापूर्वी हेच कोरून घेत होता, पण मिशीवर ताव देऊन. किती जणांची कातडी सोलली, मुंडक्यांचे ढीग कुठं रचले, सगळं अभिमानानं.

पण तेरावा लेख पूर्ण वाचला पाहिजे. त्यातच अशोक अरण्यातल्या लोकांना बजावतो, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगात बळ आहे, सुधारा, नाहीतर मारले जाल. नेलेल्या दीड लाखांना परत पाठवल्याचं त्यात एक अक्षर नाही. आणि हा लेख खुद्द कलिंगात कोरलेला नाही. धौली-जौगडला त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसं मेली त्यांना पश्चात्ताप वाचायला ठेवला नाही.

अशोक मला नकोय असं नाही. त्यानं निदान मान्य केलं. पण बौद्ध म्हणजे आपोआप शांत, हे सोंग मी घेणार नाही. १९३७ च्या डिसेंबरात जपानी फौजेनं नानजिंगमध्ये जे केलं त्याचा आकडा टोकियोच्या खटल्यानं दोन लाखांवर धरला, चीन तीन लाख म्हणतो. त्या युद्धाला जपानातल्या बौद्ध मठांचा पाठिंबा होता. २०१७ ला बौद्धबहुल म्यानमारमधून तिथल्या फौजेच्या भीतीनं सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. विहारात हा विषय काढला तर 'आता कशाला' म्हणतात. आता नाही तर कधी?

पऱ्हाटीवाला
वा! इथं तं सगळे आपापल्या घरचीच उनीदुनी काढून रायले. ग्रुपवर याच्या उलटं चालते. मले मजा येऊन रायली, पन एक सांगा, मंग सगळे सारखेच काय? सगळे सारखे म्हटलं का कोनालेच काई म्हनता येत नाही. थे तं लयच सोयीचं झालं.

चिमूरची लेक
आतापर्यंतच्या प्रतिसादांत बायका फक्त यादीत आल्या. घरं जाळली, नाकं कापली, 'बायकांवर जबरदस्ती', पुढचा मुद्दा.

मी चिमूरची. १६ ऑगस्ट १९४२ ला आमच्या गावात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, चिडलेल्या लोकांनी सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले. तेही भयंकर होतं आणि गावात ते फारसं सांगत नाहीत. त्यानंतर फौज आली. पुरुष धरले गेले किंवा रानात पळाले. गावात उरल्या बायका. पुढचे काही दिवस काय झालं ते त्या बायकांनी स्वतः बाहेरून आलेल्या लोकांना सांगितलं, १९४२ साली, खेड्यात, लग्न झालेल्या आणि न झालेल्या बायकांनी. सरकारनं चौकशीच नाकारली. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी त्यासाठी ६३ दिवस उपाशी राहिले.

म्हणून वर्धाकाठ दादा, तुमचा पगाराचा मुद्दा इथं अडतो. ही फौज उपाशी नव्हती. पगार वेळेवर, शिधा सरकारी, अंगावर गणवेश. पेव कुठं आहे असं कोणी विचारत नव्हतं. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं, की या गावाला धडा शिकवायचाय आणि कोणी विचारणार नाही.

माझी आजी त्या दिवसांबद्दल बोलायची तेव्हा पुरुष माणूस आत आला की वाक्य तोडायची आणि सूप ओढून तांदूळ निवडायला लागायची. आम्ही मुली समजून जायचो. १९४५ ला रशियन फौज बर्लिनमध्ये शिरल्यावर जे झालं त्याबद्दलही जर्मन घरांत कित्येक वर्षं असंच चाललं होतं, कारण हरलेल्या आणि गुन्हेगार ठरलेल्या देशाच्या बायकांचं कोण ऐकणार? बांगलादेशनं १९७१ नंतर अशा बायकांना 'बीरांगना' हा किताब दिला, आणि किताब मिळाला म्हणून कितीतरी घरांनी त्यांना दारात उभं केलं नाही.

बलात्कार हा वंशसंहाराचा भाग होऊ शकतो असं एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं पहिल्यांदा म्हटलं ते १९९८ मध्ये, रवांडाच्या खटल्यात. तोवर तो 'लढाईत थोडंफार होतंच' यात मोडत होता. हे वाक्य वर एका सदस्यानं लिहिलंय, त्यांनी परत वाचावं.

नाव राहू द्या
ताई, माझा रोख तुमच्याकडं नव्हता. ते वाक्य मागं घेतो. बर्गीबद्दलचं मत तेच आहे.

मूळ पुलगाव
मी दारूगोळ्याच्या डेपोच्या गावात वाढलो, त्यामुळं माझा प्रश्न आजच्या युद्धाचा आहे. तुम्ही सगळे समोरासमोरच्या क्रौर्याबद्दल बोलताय. तोबरा बांधणाऱ्याला समोरच्याचे डोळे दिसत होते. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले, एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं जळाली. टाकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कोणाच्या कानफटात मारली नसेल.

आणि नाझी? कीवजवळ बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ ला ३३,७७१ ज्यू मारले. हा आकडा मारणाऱ्यांनी स्वतःच वरच्या कचेरीला कळवला, शेवटच्या माणसापर्यंत मोजून. पगार, शिस्त, रेल्वेचं वेळापत्रक, सगळं चोख. वर्धाकाठांचं सूत्र तिथं चालतच नाही. उलट शिस्त जितकी कडक तितकं काम पक्कं.

रवांडात याच्या उलट. १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, आणि हत्यार बहुतेक कोयता. मारणारे हुतू, मरणारे बहुतेक तुत्सी, दोघेही बहुतेक ख्रिस्ती, भाषा एक, गल्ली एक. लोक चर्चमध्ये आसऱ्याला गेले आणि चर्चमध्येच कापले गेले. तिथं रेडिओ रोज तुत्सींना झुरळ म्हणत होता, आणि कोण कुठं लपलंय तेही सांगत होता.

वर्धाकाठ
चिमूरच्या ताईंनी आणि पुलगावकरांनी दाखवलेली जागा बरोबर आहे. तरी पोटाचा मुद्दा सोडत नाही, कारण तो शिवाजी महाराजांनीच मांडून ठेवलाय.

१९ मे १६७३ चं पत्र आहे, चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज सांगतात, दाणा-वैरण आत्ताच मनमानी उधळाल तर ऐन पावसाळ्यात संपेल, घोडी मरायला लागतील, मग तुम्ही कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, फाटं, भाजी ओढून आणाल. मग रयत घर सोडून जाईल, उपाशी मरेल, आणि तिला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. पुढं तर काय, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत लिहिलंय.

मला या पत्रात मोठं वाटतं ते हे, की 'आपले मावळे चांगले आहेत, ते असं करणार नाहीत' असं राजा कुठंही गृहीत धरत नाही. आपलाच माणूस, आपल्याच धर्माचा, उपाशी राहिला आणि वर धाक नसला तर आपल्याच रयतेचं काय करेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो वैरणीचा हिशेब मागतो. लूट सरकारजमा, शिपायाला रोख पगार, मोहिमेत बाईला हात लावायचा नाही. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान शिवाजीला शिव्या घालणारा, तरी बायका, मशिदी आणि कुराणाबाबतचा हुकूम त्यानं नोंदवून ठेवला. सत्तर वर्षांनी बंगालात गेलेल्या फौजेचा झेंडा भगवाच होता, पण ती कूच करत होती वसुलीच्या भरवशावर, आणि रोखणारा राजा साताऱ्यात.

तेव्हा पऱ्हाटीवाले भाऊ, सगळे सारखे नाहीत. १६७३ आणि १७४२ सारखे नाहीत, आणि दोन्ही आपलेच आहेत. धर्म तोच असून एवढा फरक पडला, मग धर्मांची आपसात तुलना करून हाती काय लागणार? पुलगावकरांच्या बाबी यारला मात्र वैरण लागू पडत नाही, मान्य. तिथं हुकूमच मारण्याचा होता. हुकूम होता की धाक नव्हता, हे दोन रोग वेगळे, आणि त्यांची गल्लत केली की हिटलरलाही 'युद्धात होतंच' म्हणून सोडून द्यावं लागतं.

पऱ्हाटीवाला
आता बोलले मुद्द्याचं. महाराजाची गोठ आदीच सांगतली असती तं मी येवढा भांडलो नसतो. मंग मले शेवटचं सांगा, या येवढ्या इतिहासात शिक्षा कोनाले झाली? नुसते मेलेले मोजून रायले आपन.

निवृत्त मास्तर, अचलपूर
फार थोड्यांना. न्यूरेंबर्ग आणि टोकियोला हरलेल्यांचे खटले झाले, जिंकलेल्यांचे नाहीत. जिंकायच्या नादात असलेल्या देशानं स्वतःच्या माणसाला शिक्षा केल्याचं ठळक उदाहरण म्हणजे व्हिएतनाममधलं माय लाय. १६ मार्च १९६८, अमेरिकेच्या मोजणीत ३४७ गावकरी, व्हिएतनामच्या मोजणीत ५०४. ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकन वैमानिकानं हेलिकॉप्टर गावकरी आणि स्वतःच्या सैनिकांच्या मध्ये उतरवलं आणि साथीदारांना सांगितलं, आपल्या लोकांनी या बायकापोरांवर गोळी झाडली तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. दोषी ठरला एकटा लेफ्टनंट कॅली. जन्मठेप झाली, भोगली साडेतीन वर्षं, तीही बहुतेक घरात नजरकैदेत. थॉम्पसनला मायदेशी कित्येक वर्षं फितूर म्हणत होते.

आणि आपल्या पेंढाऱ्यांचं म्हणाल तर १८१७-१८ ला इंग्रजांनी मोठ्या फौजा लावून त्यांना मोडलं. पण अमीरखान, जो पठाण सरदार होता पण पेंढारी त्याच्याच आसऱ्यानं फिरायचे, त्याला टोंकचा नवाब केलं. करीमखान पेंढारी शरण आला, त्याला गोरखपुराकडं जमीन दिली. दुसरा पेंढारी म्होरक्या चितू शरण आला नाही, रानोमाळ पळत राहिला, आणि त्याला वाघानं खाल्लं.

पऱ्हाटीवाला
म्हन्जे हिशेब असा झाला, एक नवाब, एक जमीनदार, अन् येकाले वाघ. राजेहो, कोरटापेक्षा वाघाचा निकाल बरा लागला म्हना की.

बाळापूरकर
वाघ आपल्या मेळघाटचा होता का मास्तर? तेवढं तरी आपल्या खात्यात येऊ द्या.

निवृत्त मास्तर, अचलपूर
असीरगडाकडच्या जंगलातला. मेळघाटाला लागूनच म्हणा, पण श्रेय बुऱ्हाणपूरवाले सोडायचे नाहीत.